तारे बघून थांबायचं की धूर बघून?

पंचवटीकर काका

परवा इथे ‘नाशिक ते कुठेही’ यांनी प्रवासात चांगलं बार्बेक्यू कसं शोधायचं ते लिहिलं. पद्धत सोपी: साडेचारच्या वर तारे, हजाराच्या वर रिव्ह्यू आणि गाडी लावायला जागा. इथवर माझी हरकत नव्हती, ज्याचं पेट्रोल त्याचा मार्ग. पण शेवटी त्यांनी ठोकून दिलंय, ‘तसंही आपल्याकडे बार्बेक्यूची परंपराच नाही, आहे तो पंजाब्यांचा तंदूर.’ हे वाचलं आणि हातातला चहा हातातच गार झाला.

साहेब, थंडीत सिन्नरकडे कधी फिरकलाच नाहीत का? गोवऱ्यांची आगटी, तिच्यात खुपसलेली कणसं, हात भाजत चोळून काढलेला हुरडा, सोबत लसणाची चटणी. हे काय मायक्रोवेव्हमध्ये होतं? रायगडात पोपटी लावतात. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी. ना तेल ना पाणी, मडकं पालथं घालून भोवती जाळ. झालं की नाही बघायला वरून पाणी शिंपडतात, चर्र वाजलं की काढायचं. पेठ-धरमपूर मार्गे वलसाडला उतरा, हिवाळ्यात हायवेच्या कडेला पालथी मडकी दिसतील. उंबाडियुं म्हणतात. पापडी, कंद, रताळी, हिरवा मसाला. यातल्या बहुतेकांना पाटीच नाही, तारे कुठे चिकटवणार? आणि मे महिन्यात गेलात तर माणूसही नाही.

२०१८ मध्ये पुतणीकडे अमेरिकेत, टेक्सासातल्या ऑस्टिनला गेलो होतो. पहिल्या दिवशी जावयाने फोनवर तारे बघून एका झगमगीत ठिकाणी नेलं. मेनूकार्ड चार पानी, मांस भुश्यासारखं कोरडं आणि ते लपवायला वर गोड सॉस. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, फोन ठेव, शेजारच्या आजोबांना विचार. त्यांनी लॉकहार्टला पाठवलं. गाव छोटं, पण टेक्सासच्या विधिमंडळाने ठराव करून त्याला बार्बेक्यूची राजधानी म्हटलंय. तिथलं क्राइट्स मार्केट १९०० सालचं. आत शिरताच धग तोंडावर येते, भट्टीच्या तोंडाशी ओकची लाकडं जळत असतात. वजनावर मांस, खाली खाकी कागद, मसाला जवळपास मीठ-मिरीचाच. १९९९ मध्ये तिथे मालक भावाबहिणीत फाटलं. इमारत बहिणीकडे गेली. भावाने जुन्या भट्टीतले निखारे टोपात भरले, भर रस्त्याने ओढत नेले आणि नव्या जागेतली भट्टी त्यावर पेटवली. आपल्याकडे वाटणीत पराती मोजतात, यांनी विस्तव वाटून घेतला.

तेव्हापासून माझे प्रश्न तीनच. विस्तव कधी पेटवता, सरपण कसलं, आणि किती वाजता संपतं? ‘रात्री बारापर्यंत सगळं मिळेल साहेब’ म्हणाला की गाडी रिव्हर्समध्ये.

नाशिक ते कुठेही

काका, नमस्कार. सकाळी सकाळी आमचा उद्धार केलात, आभारी आहे.

तुमचे तीन प्रश्न विचारायला मागच्या सीटवर दोन भुकेली पोरं नसावी लागतात. गेल्या वर्षी तुमच्याच पद्धतीने थांबलो होतो. धुळ्याच्या अलीकडे धूर दिसला, ‘चुलीवरचं मटण’ अशी पाटी. दर्शनी भागात चूल, तिच्यापुढे मावशी भाकऱ्या थापतायत, चित्र एकदम फक्कड. हात धुवायला मागे गेलो तर दोन कमर्शियल सिलिंडर आणि माझ्या कमरेएवढा कुकर. धूर शेजारी कचरा जाळत होते त्याचा. धाकटा रात्रभर ओकत होता.

आणि टेक्सासचंच काढलंत म्हणून सांगतो, तिथेही याद्यांवरच चालतं. टेक्सास मंथली हे मासिक पन्नास ठिकाणांची यादी काढतं. नुसत्या बार्बेक्यूसाठी त्यांनी २०१३ मध्ये वेगळा संपादक नेमला. २०२४ मध्ये मिशेलिन या हॉटेलांना तारे देणाऱ्या नामांकित गाइडने तिथल्या चार बार्बेक्यूवाल्यांना तारे दिले. तेव्हा तारे वाईट नसतात.

सिडकोचा सौरभ

काका, लॉकहार्टला नक्की कशाचं मांस खाल्लंत ते सोयीस्कर गाळलंत 😄

पंचवटीकर काका

डुकराच्या फासळ्या आणि टर्की. पुतणीने काय खाल्लं ते पुतणीला विचार.

‘नाशिक ते कुठेही’, पोराचं ऐकून वाईट वाटलं. पण त्या संपादकाचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तो माणूस गावोगाव फिरून खातो आणि मग लिहितो. तुमचे हजार रिव्ह्यू कोण देतं? ‘एसी छान, स्टाफ विनम्र, पनीर टिक्का अप्रतिम.’ हे वाचून मी भट्टी ओळखू? त्याच टेक्सासात स्नोज म्हणून ठिकाण आहे, फक्त शनिवारी उघडतं, तेही सकाळी आठला. म्हणजे आदल्या रात्री भट्टी लावणं आलं. मंद आचेवर दहा-बारा तास ठेवावं तेव्हा मांसाचा तो मोठा तुकडा मऊ होतो. कुकरच्या सहा शिट्ट्यांत नाही होत.

ओवी, इंदिरानगर

चर्चा पुरुषांनी सुरू केली की असंच होतं. काका धूर बघतात, मी बाथरूम बघते.

मी नाशिक-मुंबई, नाशिक-पुणे, कधी धुळे असं कामासाठी एकटी गाडी चालवते. ज्याला तुम्ही ‘खरं’ ठिकाण म्हणता तिथे तीन टेबलांवर ग्लास, सगळ्या माना वळून माझ्याकडे, आणि ‘ताई, लेडीज टॉयलेट नाही, मागे शेत आहे.’ मग मी काय विचारू, ‘सरपण कसलं’? हजार रिव्ह्यूंतले शंभर बायकांनी लिहिलेले असतात. ‘फॅमिलीसाठी वेगळी बसायची सोय’ हे एक वाक्य मिळालं तरी माझं काम होतं. मांस थोडं कोरडं असलं तर असू दे, सॉस ओतून खाते.

पंचवटीकर काका

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमची ही बरोबर असते तेव्हा तीच आधी उतरून बघून येते, आणि मला वाटायचं की ती मेनू बघायला जाते. ठीक, बाथरूमपुरते तारे मान्य. चवीसाठी नाही.

खान्देशी ठसका

इतका वेळ गप्प बसलो भो, पण एवढ्या लांबड्या चर्चेत भरीत कुठेच नाही? हुरडा काय, पोपटी काय, थेट अमेरिका काय! जळगावात थंडीत शेतावर भरीत पार्टी होते ते काय आहे मग? बामणोदची हिरवी-पांढरी वांगी, एकेक हातभर. २०१६ मध्ये जळगावच्या भरिताच्या वांग्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय. कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, वांगी त्यात टाकायची, साल काळी होऊन सुटली की लाकडी बडगीत ठेचायची. हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, कांद्याची पात. वर पुरी नाहीतर कळण्याची भाकरी. टोमॅटो घालणाऱ्याला आम्ही घरात घेत नाही. गॅसवर भाजलेलं भरीत हे भरीत नाही, वांग्याचं प्रेत आहे ते.

सिडकोचा सौरभ

माझी आई गॅसवर भाजते आणि टोमॅटो घालते. आईवर जाऊ नका.

खान्देशी ठसका

आईंना नमस्कार. भाजीला भरीत म्हणू नका एवढंच.

निफाडचा बागाईतदार

ठसका भाऊ, भरीत मलाही आवडतं, पण एक सांगा. कपाशीवर मोसमभर फवारे बसतात. तीच पऱ्हाटी उपटून तुम्ही वांग्याखाली पेटवता. तो धूर कशाचा?

खान्देशी ठसका

साल काढतो आम्ही. सालीसकट कोण खातं?

निफाडचा बागाईतदार

म्हणजे धुराची चव सालीतून आत जाते आणि औषध बाहेर दारातच चपला काढून थांबतं?

सिडकोचा सौरभ

🔥🔥🔥

खान्देशी ठसका

द्राक्षवाल्याने आम्हाला फवारणी शिकवावी? छाटणीपासून काढणीपर्यंत तुमचा ट्रॅक्टर बागेतून बाहेर निघतो का? ढग आला की फवारा, दव पडलं की फवारा. आधी आपल्या घडाखाली बघा, मग आमच्या वांग्याकडे या.

निफाडचा बागाईतदार

आमचा माल युरोपला जातो. जाण्याआधी लॅबमध्ये रेसिड्यू, म्हणजे औषधाचा उरलेला अंश तपासतात, नापास झाला तर कंटेनर हलत नाही. तुमच्या काड्या कोण तपासतं?

खान्देशी ठसका

आणि नापास झालेला माल कुठे जातो हो? आमच्या जळगावच्या बाजारात ना?

निफाडचा बागाईतदार

तोंड सांभाळून बोला. एका गारपिटीत वडिलांची अख्खी बाग गेली, त्या वर्षी नापास व्हायलासुद्धा माल नव्हता. फवारा हौस म्हणून मारत नाही कोणी.

ओवी, इंदिरानगर

दोघंही पाणी प्या. विषय बार्बेक्यूचा होता.

खान्देशी ठसका

बागेचं मला माहीत नव्हतं, तेवढं मागे घेतो. तेवढंच.

पण आमच्याकडचं सांगतो. माझी आजी चंपाषष्ठीला खंडोबाच्या नैवेद्याचं भरीत करायची, चार महिने वांगं बंद असायचं ते त्या दिवशी सुटायचं. पहाटेच अंगणात जाळ. आम्ही पोरं काडीने वांगं उलटायला टपलेलो, आणि ती हातावर फटका द्यायची, ‘फोडशील, पाणी विस्तवात जाईल.’ हाताने उलटायची ती, चिमट्याशिवाय. बोटांची टोकं कायम काळी. आज आठवायला बसलो तर खरं सांगतो, तिच्याकडे जाळायला तुराट्या असायच्या. कपाशी आमच्या शेतात नंतर आली. पण म्हणून तुम्ही जिंकलात असं नाही.

निफाडचा बागाईतदार

जिंकायचं कुणाला होतं? तुराट्यांवर माझं काही म्हणणं नाही. तूर बांधावर आहे माझ्या, जानेवारीत काढू. वांगी तुम्ही आणा, काड्या माझ्या.

खान्देशी ठसका

आणतो. टोमॅटो दिसला तर वांग्यांसकट परत जाईन.

नाशिक ते कुठेही

माझ्या मूळ मुद्द्याचं काय झालं ते कुणी सांगेल का? असो. परंपरा नाही हे वाक्य घाईत लिहिलं होतं, पोपटी मी खाल्लेली आहे, अलिबागला, तेव्हा तिला बार्बेक्यू म्हणायचं सुचलं नाही. तारे मात्र मी बघणारच. भरताला येऊ का? लोकेशन टाका.

पंचवटीकर काका

लोकेशन कशाला? पिंपळगावच्या पुढे आलात की कुणालाही विचारा, कुणाच्या शेतात धूर आहे ते.

ओवी, इंदिरानगर

काका, लोकेशन टाका.