मदत हवी आहे: भाचीची फॉर्म्युला फोरची टेस्ट वीस दिवसांवर, सोलापुरात तयारी काय करून घेऊ?

सात_रस्ता (धागाकर्ता)
भाचीला एका रेसिंग अकॅडमीने कोइमतूरला करी स्पीडवेवर फॉर्म्युला फोरच्या (एका सीटच्या, उघड्या चाकांच्या रेसगाडीच्या) टेस्टला बोलावलंय. वीस दिवस उरलेत. कार्ट (छोटी, बसकी रेसची गाडी) चांगली चालवते. सोलापुरात ट्रॅक नाही आणि दर आठवड्याला कोल्हापूर जमत नाही. घरच्या घरी मान, हात, पाय यांचं काय करून घ्यायचं ते सांगा. "आधी दहावी-बारावी होऊ दे" हा सल्ला घरात रोज मिळतोय, इथे नको. लवकर सांगा.

पिटलेन
वय? उंची? वजन? कार्ट भाड्याची फोर-स्ट्रोक की रेसची टू-स्ट्रोक रोटॅक्स इंजिनवाली? "चांगली चालवते" यावरून काय कळणार?

आखाडा
मान आजपासून सुरू करा. डोकं आणि हेल्मेट मिळून सहा-साडेसहा किलो होतं. वळणात २ जी (वजनाच्या दुप्पट जोर) लागला की बारा-तेरा किलो मानेला बाजूला ओढतात. तळहात कपाळाला लावून डोकं ढकलायचं, पण हलू द्यायचं नाही. १५ सेकंद, तीन वेळा. मग मागून, डावीकडून, उजवीकडून. दुसऱ्या आठवड्यात रबरी पट्टा. हेल्मेटला वजनं लटकवण्याचे व्हिडिओ बघून तसलं काही करू नका, तीन आठवड्यांत मान कमावली जात नाही, दुखावली मात्र जाते. टेस्टच्या आधीचे दोन दिवस पूर्ण बंद.

सिमवाला
मान राहू द्या. सिम्युलेटरचं (कॉम्प्युटरवरच्या रेसिंगचं) जी२९ चाक-पेडल घ्या, रोज एक तास बसवा. डावा पाय ब्रेकवर, उजवा ॲक्सिलरेटरवर, गिअर चाकामागच्या पॅडलने. एफ४ मध्ये क्लच फक्त सुटताना लागतो.

दोन_स्ट्रोक
सिममध्ये बुडाला काही कळत नाही. गाडी मागून सुटतेय हे आधी कंबरेला कळतं, डोळ्याला नंतर. त्यापेक्षा आणखी एक वर्ष रोटॅक्स चालवू द्या. जेटिंग (कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोलच्या भोकाचं माप ठरवणं) शिकू द्या. कोल्हापूर उंचावर, चेन्नई समुद्राच्या पातळीवर. तिकडे हवा दाट, म्हणून मेन जेट मोठा लागतो. तोच ठेवला तर मिश्रण पातळ होऊन पिस्टन चिकटतो. तेल ५० ला १, म्हणजे लिटरला २० मिली. हे ज्याला कळलं त्याला...

सिमवाला
त्यांनी जेट विचारलाय का? 😄

बार्शी_नाका
विजापूर रोड पहाटे चारला मोकळाच असतो की बे. मामाची स्विफ्ट काढा, पाच दिवसांत हात बसतोय.

पिटलेन
बार्शी_नाका, असलं लिहू नका, कोणीतरी खरंच करेल. अल्पवयीन मुलगी गाडी चालवताना सापडली तर पालक किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० दंड, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलीला वयाच्या पंचविशीपर्यंत लायसन्स नाही.
धागाकर्ते, वय सांगा. तिसऱ्यांदा विचारायला लावू नका.

सात_रस्ता
सॉरी, दुकानात गर्दी होती. वय १६, उंची ५ फूट, वजन ४६. रोटॅक्स सीनिअर. अकॅडमीने पाठवलेला गाडीचा फोटो टाकलाय. याने काही फरक पडतो का?

दोन_स्ट्रोक
४६ किलोची मुलगी सीनिअरमध्ये! म्हणजे किमान वजन भरायला सीटला शिशाच्या वड्यांची रांगच असेल. बोल्ट दर वेळी तपासता ना? एक वडी सुटली तर मागच्याच्या हेल्मेटवर.

पिटलेन
फरक? सगळाच पडतो. फोटोत तीन पेडल आणि गिअर लिव्हर आहे. ही एफआयएची (जागतिक मोटरस्पोर्ट संघटनेची) फॉर्म्युला ४ नव्हे, ही एलजीबी फॉर्म्युला ४. नावामुळे दर वर्षी कोणी ना कोणी फसतो. एफ४ इंडियाची गाडी म्हणजे मिगाल कंपनीची कार्बन मोनोकॉक (एकसंध सांगाडा), टर्बो इंजिन, हॅलो (डोक्याभोवतीचं संरक्षक कडं), स्लिक (खाचा नसलेले) टायर, पॅडल शिफ्ट. ती मालिका २०२३ ला सुरू झाली. एलजीबी हे नाव कोइमतूरच्या एल. जी. बालकृष्णन कंपनीवरून. नळ्यांची चौकट, मारुतीचं १३०० सीसी इंजिन, गिअर हाताने, क्लच पायाने. वरचे निम्मे सल्ले रद्द समजा, सिमवाल्याचे धरून.

आता कामाचं.

पाय: कार्टमध्ये डावा पाय ब्रेकवर असतो. इथे गिअर उतरवताना डावा क्लचवर लागणार, म्हणजे ब्रेक उजव्या पायाने. हीच तिची खरी अडचण, मान नव्हे. घरासमोर उभ्या गाडीत, इंजिन बंद, हँडब्रेक ओढून, रोज २० मिनिटं: उजव्या पायाचा चवडा ब्रेकवर दाबून ठेवायचा, क्लच, गिअर खाली, पायाची उजवी कड कलती करून ॲक्सिलरेटरला टिचकी, क्लच सोडायचा. टिचकी देताना ब्रेकवरचा दाब कमी-जास्त होता कामा नये. तिथेच सगळे चुकतात. गिअर लवकर उतरवला आणि टिचकी चुकली तर मागची चाकं क्षणभर धरतात (फिरायची थांबतात). इंजिन मागे, जोरही मागच्या चाकांना, त्यामुळे गाडी भोवऱ्यासारखी फिरते.

ब्रेक: तिच्या कार्टला ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला. त्यामुळे वळता वळता ब्रेक मारून मागचा भाग सरकवायची सवय असणार. या गाडीला चारही चाकांना ब्रेक. पुढची चाकं धरली तर स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी सरळच जाते. जोराचा ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, वळण घेताना हळूहळू सोडत आणायचा. शिवाय कार्टला सस्पेन्शन नसतं, इथे नाक दबतं, अंग कलतं. ते स्थिरावेपर्यंत घाई केली की पुढची पकड जाते.

सिमवाला
लिव्हर जोडलेली जी२९ पण मिळते हो. क्लच पेडल तर त्यात असतंच. क्रम अंगवळणी पडायला वाईट नाही.

पिटलेन
क्रमापुरतं मान्य. ब्रेकच्या दाबासाठी नाही.

अपेक्स_ताई
सीटचं कोणीच बोललं नाही. टेस्टची गाडी दहा जण चालवतात, सीट पावणेसहा फुटाच्या मुलाच्या मापाची असते. पाच फुटी मुलीचा ब्रेक शेवटच्या इंचाला पोचत नाही, आणि मग "हिला जोर नाही" असा शेरा पडतो. मागच्या बाजूला भर द्यायची, बुडाखाली नाही. खाली दिली की हेल्मेट रोल हूपच्या (गाडी उलटली तर डोकं वाचवणाऱ्या कमानीच्या) वर यायला लागतं. गादीचा स्पंज नेऊ नका, ब्रेक मारला की तो दबतो आणि पाय तेवढाच मागे राहतो. योगा मॅटसारखा टणक फोम, एक-एक इंचाचे तीन-चार तुकडे, डक्ट टेप, कात्री. बरगड्यांच्या बाजूंनाही भरायचा, नाहीतर वळणात शरीर घसरतं आणि स्टिअरिंगला लटकायला होतं. ब्रेक पूर्ण दाबल्यावरही गुडघ्यात थोडा वाक उरला पाहिजे. फोम ओतून साचा करायची पद्धत स्वतःची गाडी असेल तेव्हा. आजच मेल करून पेडल पुढे-मागे होतात का ते विचारा.

कपडे: कार्टचा सूट घासण्यापासून वाचवतो, आगीपासून नाही. गाडीला अग्निरोधक नोमेक्सचा सूट, आतले कपडे, मोजे, डोक्याची टोपी. हेल्मेटवर स्नेल के (स्नेल हे हेल्मेटचं मानक) लिहिलं असेल तर ते कार्टचं, त्यात अग्निरोधक अस्तर नसतं. एसए लागेल, मानेचं उपकरण अडकवायच्या खुंट्यांसकट. विकत घेऊ नका, भाड्याने मिळतं का विचारा, आणि छोटं माप आहे का तेही, नाहीतर मोठं हेल्मेट वाऱ्याने डुलत राहील. नायलॉनचे आतले कपडे आणि तारेची ब्रा नको, उष्णतेने नायलॉन कातडीला चिकटतं. वेणी घट्ट, पूर्ण टोपीच्या आत.

आखाडा
मानेचं मी मागे घेत नाही. वाऱ्याने हेल्मेट हलतं म्हणजे मानच लागते ना?

अपेक्स_ताई
लागते. करू दे की. पण वीस मिनिटांतली पंधरा पायाला द्या.

कस्तुरी_९१
एफ१ अकॅडमीला थेट अर्ज का करत नाही? ती रेस मालिका खास मुलींसाठीच आहे. २०२४ ला ॲबी पुलिंग जिंकली, २०२५ ला डोरियान पिन.

पिटलेन
अर्ज टाकून बस पकडावी तशी ती मिळत नाही. २०२३ मध्ये पहिल्या वर्षी प्रत्येक मुलीकडून दीड लाख युरो मागितले होते, आणि ती सवलतीची रक्कम. आपल्याकडची वाट हीच: कार्ट, मग एलजीबी, मग पुढची गाडी. बडोद्याची मिरा एर्डा कार्टमधूनच फॉर्म्युला गाड्यांत आली. इंडियन रेसिंग लीगमध्ये प्रत्येक संघात एक मुलगी लागतेच, तिकडे नजर असू द्या. पण आधी ही टेस्ट.

सात_रस्ता
खूप आभार. मेल केला. पेडल सरकत नाहीत, सीटला भर चालेल म्हणाले. उभ्या स्विफ्टमध्ये आज बसवलं. टिचकी देताना टाच जमिनीवरून उचलली जातेय, पाय लहान आहे. काय करू?

पिटलेन
उचलू दे. छोट्या पायाला टाच टेकवून ते जमतच नाही. उजव्या कडेनेच मारू दे. बूट कुठले आहेत?

सात_रस्ता
शाळेचे स्पोर्ट्स शूज.

अपेक्स_ताई
तळ जाड, कड रुंद. दोन पेडल एकदम दाबले जातील. कार्टिंगचेच बूट घालून सराव, आजपासून.

बार्शी_नाका
कोइमतूरला जायला कुर्ला-कोइमतूर एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाती. तिकीट काढलं का? वेटिंग लई असतंय.

सात_रस्ता
अरे देवा. नाही काढलं.