पाचारण रविवारी आमच्यासाठी प्रार्थना का नाही?

विरार_फास्ट (धागाकर्ता)

यंदाही पाचारण रविवारच्या (देवाने फादर-सिस्टर व्हायला बोलवावं म्हणून प्रार्थना करायचा रविवार) मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, तीच विनंती: आमच्या धर्मग्रामातून (पॅरिशमधून) भरपूर फादर-सिस्टर मिळोत. मिळोत की! पण बाकांवरच्या आम्हा पाच-सहाशे प्रापंचिकांना (फादर-सिस्टर नसलेल्या साध्या संसारी माणसांना) देवाने नुसतं बाकावर बसायलाच बोलावलंय का?

ताजा किस्सा. मी एका खासगी कंपनीत हिशेब बघतो. मार्चअखेरीस एक बिल आलं. माल आलेला नाही, तारीख मागची. सही केली नाही. साहेब काही बोलले नाहीत, पण पुढच्या सोमवारी माझ्याकडचं पेमेंटचं काम दुसऱ्याकडे गेलं. त्याच आठवड्यात चर्चच्या कौन्सिलमधल्या एका गृहस्थांनी मिस्सानंतर सुनावलं, "तुम्ही चर्चसाठी काहीच करत नाही हो." मिस्सातल्या बायबल वाचनाच्या सरावाला जात नाही हे खरंय. मी वसईला उतरतो तेव्हा सराव आटोपलेला असतो.

१९६४ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) 'लुमेन जेन्सियुम' या चर्चविषयीच्या दस्तऐवजात स्पष्ट म्हटलंय की पावित्र्याचं पाचारण सगळ्यांना आहे, आणि प्रापंचिकांनी ते संसारात, कामधंद्यातच जगायचं. साठ वर्षं उलटली, आम्ही अजून चर्चचं काम म्हणजे खुर्च्या लावणं समजतो. माझ्या मते ते सही न केलेलं बिल हेच चर्चचं काम होतं. पटत नसेल तर लिहा.

जुना_कोयर

पटत नाही, आणि थोडं लागलंही. खुर्च्या लावणारा मीच. गेल्या महिन्यात भर दुपारी दोनला मयत होती. कोयरचे चौघंच आलो, पेटीवाला नव्हता, तरी गायलो. दुसऱ्या कडव्याला घरची माणसं रडत रडत आमच्यात सूर मिसळायला लागली. यात संसार नाही?

दुसरं. आमच्या शेजारचे काका पक्के वारकरी. आयुष्य जकात नाक्यावर गेलं, कुणाचा पैसा खाल्ला नाही. मग तुमच्या बिलात कॅथलिक काय? मिस्सा हा ख्रिस्ती जीवनाचा उगम आणि कळस, हेही त्याच 'लुमेन जेन्सियुम'मध्ये आहे. सोयीची तेवढी पानं वाचू नका.

नालासोपारा_पश्चिम

आपल्या वसईचे संत गोन्सालो गार्सिया व्यापारीच होते ना? प्रापंचिकांसाठी याहून मोठं उदाहरण कुठलं!

जुना_कोयर

व्यापारी होते, पण व्यापार सोडून फ्रान्सिस्कन संघाचे व्रतस्थ ब्रदर झाले. १५९७ मध्ये नागासाकीला क्रुसावर मारले गेले ते ब्रदर म्हणून. पाद्री नव्हते, पण प्रापंचिकही म्हणता येणार नाही. प्रापंचिकच हवे असतील तर देवसहायम पिल्लै घ्या. त्रावणकोरच्या राजाच्या नोकरीत होते, १७४५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, १७५२ मध्ये गोळ्या घालून मारलं. २०२२ मध्ये संत झाले, भारतातले पहिले प्रापंचिक संत.

विरार_फास्ट

आभार, पण बघा, तेही हुतात्मेच. बिलावर सही नाकारली म्हणून मला कुणी गोळी घालणार नाही. तरी मार्टिन दांपत्य आहे. नवरा घड्याळजी, बायकोचा लेसचा धंदा. २०१५ मध्ये दोघं एकत्र संत झाले.

नालासोपारा_पश्चिम

त्यांची मुलगी लहानगी संत तेरेजा नसती तर त्या घड्याळजीचं नाव आपल्या कानावर आलं असतं का? 😀 वशिला सगळीकडे लागतो.

विरार_फास्ट

हे मात्र खरं!

कोयरकाका, तुमच्या वारकऱ्यांवर दोन दिवस विचार केला. प्रामाणिकपणावर ख्रिस्ती शिक्का नसतो, मान्य. माझी परीक्षा सही नाकारल्यानंतर सुरू झाली. ते बिल ज्याने पास केलं त्याच्याच शेजारी बसून मी रोज डबा खातो. त्याच्या मुलीची फी भरायची होती, हे नंतर कळलं. त्याला खाली न लेखता बोंबलाची चटणी पुढे करणं, हे मला सही नाकारण्यापेक्षा जड जातं. त्यासाठी परतीच्या गाडीत बोटांवर रोझरी (जपमाळेची प्रार्थना) म्हणतो. बॅग पोटाशी, एक हात कडीला, दुसऱ्या हाताची बोटं मोजायला. मिस्सा नको असं मी कधी म्हटलं? मिस्सा संपल्यावर काय, एवढंच विचारतोय.

वाडीतली

तुम्ही दोघं पुरुष छान भांडताय. आता माझं ऐका.

सात वर्षं सासूबाई अंथरुणाला खिळून आहेत. कूस बदलायची, अंग पुसायचं, रात्री दोनदा उठायचं. रविवारी मिस्साला जाणं जमेलच असं नाही. कुणाला सांगितलं की उत्तर ठरलेलं, "हेच तुझं पाचारण, बाळा." माझ्या दोन दिरांना मात्र हे पाचारण झालेलं नाही! ज्याला हातभार लावायचा नसतो, त्याच्या तोंडी हा शब्द फार गोड लागतो. चर्च जे करतं तेच घरही करतं.

एक गोष्ट मात्र सांगते. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना घरी ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) आणणारे एक काका आहेत, निवृत्त शिक्षक. माझा चेहरा बघून त्या दिवशी म्हणाले, "अजून तीन घरं आहेत, उरकून परत येतो." आले खरंच. दीड तास आईंजवळ बसले, मी रेशन आणलं. आता हे चर्चचं काम की संसाराचं?

जुना_कोयर

दोन्ही. म्हणूनच म्हणतो, देवळातल्या कामाला नावं ठेवू नका.

विरार_फास्ट

पण रेशनसाठी ते परत आले, ते त्यांच्या ड्युटीत नव्हतं. माझा मुद्दा तोच तर आहे. १८३३ मध्ये पॅरिसला व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी सुरू केली ती फ्रेडरिक ओझानाम आणि त्याच्या सोबत्यांनी. वीस वर्षांचा विद्यार्थी, पुढे प्राध्यापक, संसारी माणूस. गरिबांच्या घरी स्वतः जाऊन बसायचं, ही त्यांची रीत...

वाडीतली

ओझानामचं नंतर बघू. गुरुवारी सकाळी मला बँकेत हयातीचा दाखला घेऊन जायचंय, दोन तास लागतील. आईंजवळ बसायला कोण येतंय?

विरार_फास्ट

गुरुवारी ऑफिस आहे हो.

जुना_कोयर

वाडी कुठली? मेसेज करा. आणि आजींना जुनी गाणी चालतात का विचारून ठेवा.