परदेशी शिकायला गेलेल्या मुलीने पहिले महिने आपल्याच माणसांत काढावेत का?

टिळकवाडीची आई

माझी मुलगी ऑक्टोबरच्या सुरुवातीला जर्मनीत आखेनला मास्टर्ससाठी गेली. शनिवारी रात्री पोचली. तिथे रविवारी किराणा दुकानंसुद्धा बंद. बॅगेत शेंगदाण्याची चटणी तेवढी होती. आमचा बेळगावचा कुंदा द्यायचं फार मनात होतं, पण बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपीय संघात नेता येत नाहीत म्हणून राहिला. फ्लॅटमधल्या तिघींनी, दोघी पुण्याच्या आणि एक नाशिकची, तिला त्या रविवारी वरणभात करून घातला. ते उपकार मी विसरणार नाही.

तरीही माझं मत असं की तिने लवकरात लवकर तिथून निघून विद्यार्थी वसतिगृहात जावं, जिथे एका स्वयंपाकघरात चार देशांची मुलं असतात. महिना होत आला. घरात मराठी, वर्गात इंग्रजी, आणि जर्मन कानावर पडते ती बसमध्ये.

मी अनुभवाने बोलते. यांची बदली गोकाकला झाली तेव्हा आमच्या गल्लीत एकही मराठी घर नव्हतं. मला कन्नड वाचायलाही येत नव्हतं. तीन महिन्यांत मी बाजारात भाव करायला लागले, कारण दुसरा मार्गच नव्हता. तिच्या बाबांना हे पटत नाही. तुम्हाला काय वाटतं?

खानापूरकर

काकू, मी पूर्ण विरोधात आहे. मी 2019 मध्ये जर्मनीत एकट्याच्या खोलीत उतरलो. भाषा आपोआप येईल असं मलाही सांगितलं होतं.

तिथे नव्या घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो, आन्मेल्डुंग म्हणतात त्याला. त्यासाठी घरमालकाच्या सहीचा वेगळा कागद लागतो. मी नुसता भाडेकरार घेऊन गेलो, त्यांनी परत पाठवलं. पुढची वेळ तीन आठवड्यांनंतरची मिळाली. माझ्या बँकेला तो नोंदणीचा कागद हवा होता. बँकेचं खातं नाही म्हणून व्हिसासाठी अडकवून ठेवलेल्या पैशांतला महिन्याचा हप्ता सुटेना. आज ही रक्कम वर्षाला 11,904 युरो आहे, म्हणजे महिन्याला 992. बाबांनी शेतावर कर्ज काढून भरलेले पैसे, आणि मी ब्रेड खाऊन दिवस काढत होतो. नऊ दिवस मी कुणाशी एक धड वाक्य बोललो नाही. घरून फोन आला की "सगळं मस्त आहे" म्हणायचो.

तो कागद लागतो हे सांगायला एक सीनियर घरात असता तर यातलं काही झालं नसतं. टीव्ही-रेडिओची सक्तीची फी घ्या. महिना 18.36 युरो, पण ती माणशी नसते, घरामागे असते. चौघी राहिल्या तर वाटून जाते. अशा शंभर गोष्टी आहेत ओ. डोकं ठिकाणावर असेल तर भाषा शिरते. घाबरलेल्या पोराच्या डोक्यात काही शिरत नाही.

निपाणीचे एक वडील

ताईंचं बरोबर आहे. माझा मुलगा पाच भारतीय मुलांच्या घरात राहिला. "आधी सेट होऊ दे, मग जर्मन बघू" हे मी पहिल्या महिन्यात ऐकलं, आठव्यात ऐकलं, दुसऱ्या वर्षीही ऐकलं. कोर्स इंग्रजीत, म्हणून पदवी मिळाली. विद्यार्थ्याला वर्षाला 140 पूर्ण दिवस काम करता येतं, तेही त्याने गोदामात आपल्याच मुलांबरोबर केलं. आता मुलाखतीला बोलावतात आणि दहा मिनिटांत जर्मनवर येऊन थांबतात. पोरगा हुशार आहे, कष्टाळू आहे. पहिल्या महिन्यात ज्यांच्या पंगतीला बसला, त्यांच्याच पंगतीला दोन वर्षं बसला, एवढंच झालं. खानापूरकरांचा त्रास खरा आहे, पण तो महिन्याभरात संपला ना? आमचा अजून संपलेला नाही.

वडगावची वाचक

काकू, गोकाकचं उदाहरण तुमच्याच विरुद्ध जातं बघा. दिवसभर बाजारात, शेजारी कन्नड, पण संध्याकाळी काका घरी आले की मराठीच ना? मीही तशीच शिकले. मराठी शाळा, मग कन्नड ऑफिस. दुपारी कुणी चूक काढून हसलं तर रात्री आईजवळ सांगून मोकळी व्हायचे आणि सकाळी पुन्हा बोलायचे. ती रात्रच तुम्ही मुलीकडून काढून घ्यायला निघालात.

टिळकवाडीची आई

हे माझ्या लक्षात आलं नव्हतं, खरंच.

पण एक गोष्ट मी आधी लिहिली नाही. ती फ्लॅटमध्ये आपल्या बेळगावी बोलीत "काय करालीस गं" म्हणाली की मुली हसतात. वाईट मनाने नाही, त्यांना मजा वाटते. एकीने विचारलं, तू घरी कन्नड बोलतेस का? आता लेक माझ्याशी फोनवरसुद्धा जपून, पुस्तकातल्यासारखं बोलते. मला ते फार लागलं.

आणि समोरच्या दारात हुबळीची एक मुलगी आहे. तिने पहिल्या आठवड्यात जिन्यात हिला विचारलं, "ऊटा आत?" जेवलीस का, एवढंच. ही खोलीत येऊन रडली. मग आपली माणसं म्हणजे नेमकी कोण, हे मलाच कळेनासं झालंय.

शहापूरचा, सध्या आखेन

काकू, मी इथे दुसऱ्या वर्षाला आहे. तुमचं शेवटचं वाचून लिहावंसं वाटलं. आखेनहून सिटी बस नेदरलँड्समध्ये फाल्सला जाते. पलीकडे बेल्जियममधलं ऑयपेन जवळच. तिथले लोक जर्मन बोलतात. पहिल्या महायुद्धानंतर, 1920 मध्ये, तो भाग बेल्जियमकडे गेला. पाट्या जर्मन आणि फ्रेंच. बेकरीतली बाई माझ्याशी जर्मन बोलली, वळून फोनवर फ्रेंच बोलली, आणि मला आपल्या बेळगावच्या खडेबाजारात उभा असल्यासारखं वाटलं. तिच्यासमोर माझं मोडकं जर्मन बोलायची लाज वाटली नाही. जर्मन बोलायला मी तिथेच सुरुवात केली. मुलीला एका शनिवारी तिकडे जाऊन यायला सांगा, हुबळीच्या मैत्रिणीला घेऊन.

खोलीबद्दल मात्र मी तुमच्या विरोधात. वसतिगृहाला मोठी प्रतीक्षा यादी असते. मिळाली तरी घर बदललं की पुन्हा दोन आठवड्यांत पत्ता नोंदवायचा. हे सगळं तिने पहिल्याच सत्रात का करायचं? आणि हे तिला विचारलंय का कुणी?

निपाणीचे एक वडील

यादी मोठी असते म्हणूनच आजच नाव घालायचं. आम्ही थांबलो होतो.

टिळकवाडीची आई

काल विचारलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून त्यांची घड्याळं बदलली, आपल्यात आता साडेचार तासांचा फरक. माझा रात्री साडेनऊचा फोन तिच्या संध्याकाळी पाचच्या वर्गात वाजत होता आणि ती उचलत नाही म्हणून मी काळजी करत बसले होते. नंतर तिनेच केला. म्हणाली, "आई, स्वयंपाक या तिघींबरोबरच करू दे, त्या चांगल्या आहेत. पण मंगळवारी जर्मनचा क्लास लावलाय, हुबळीची पण येणार आहे."

माझं मत अजून पूर्ण बदललेलं नाही. वसतिगृहाच्या यादीत नाव घालायला ती तयार आहे, सत्र संपल्यावर बघू म्हणते. शहापूरच्या मुला, तो अर्ज आत्ता भरता येतो का, आणि सोबत काय काय जोडावं लागतं, तेवढं सांगशील?