मदत हवी आहे: १४५३ आणि युरोपातलं प्रबोधन, संबंध नेमका किती?

नमस्कार मंडळी,

भाचीचा इतिहासाचा अभ्यास घेताना गाडी एका जागी अडली आहे. तुर्कांनी १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल घेतलं, तिथले ग्रीक पंडित इटलीत आले आणि प्रबोधन सुरू झालं, असं आपण सगळेच घोकत आलोय. पण कॉन्स्टँटिनोपलचाच पंडित मॅन्युएल क्रिसोलोरस इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये ग्रीक शिकवायला १३९७ लाच हजर! प्राचीन लॅटिन ग्रंथांचा ध्यास घेतलेला इटालियन कवी पेट्रार्क तर त्याही आधीचा, १३७४ मध्ये वारलेला. मग १४५३ चं एवढं कौतुक कशाला?

बेसारियन या ग्रीक कार्डिनलने आपला हस्तलिखितांचा संग्रह १४६८ मध्ये व्हेनिसला दिला, तेवढा धागा मला पटतो. बाकी खरी कमाल छापखान्याची असावी. व्हेनिसच्याच आल्डस मॅन्युशियसने १४९५ ते १४९८ मध्ये ॲरिस्टॉटल मूळ ग्रीकमध्ये पाच खंडांत छापला. १५०१ मध्ये प्राचीन रोमन कवी व्हर्जिल काढला तो हातात मावेल अशा आकारात, तिरप्या टायपात. ना टीका, ना भाष्य, नुसती कविता. वाचणाऱ्याने गुरूशिवाय कवीला भिडावं, ही मला फार मोठी उडी वाटते.

जाणकारांनी एवढंच सांगा: याचा परिणाम विद्यापीठांतल्या शिकवण्यावर कधी दिसू लागला? की तिथे जुनंच तर्कशास्त्र चालू राहिलं आणि नवं सगळं दरबारांत नि खासगी शाळांत घडलं? मराठीत यावर नीट लिहिलेलं काही असेल तर नाव जरूर कळवा. परीक्षेच्या गाईडची नावं मात्र नकोत, ती घरात ढीगभर आहेत.