तारण एकट्याचं, पण मंडळीचं काय?

"तारण (पापातून सुटका) ज्याचं त्याचं, मंडळी (चर्च, ख्रिस्ती भाविकांचा समुदाय) नंतर" असं काही जण म्हणतात. अर्धंच पटलं. कवी ना. वा. टिळकांनी १८९५ साली मुंबईत एकट्यानं बाप्तिस्मा घेतला, संसार दुभंगला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा थेट १९०० साली, तोही स्वतःच्या मनानं. निर्णय एकेकट्याचाच. पण तेच टिळक १९१७ मध्ये मिशन सोडून 'देवाचा दरबार' मांडतात: बाप्तिस्मा झालेले, न झालेले, सगळे ख्रिस्तभक्त एकत्र! (मिशनवाल्यांना किती पचलं असेल, देव जाणे.)

आमच्याकडे कापणीच्या सणाला वेदीपुढे ज्वारीची पोती, भोपळे, एखादी कोंबडीही येते, उपासनेनंतर लिलाव. 'माझं तारण झालंय' म्हणत वेगळी प्रार्थनासभा काढलेले आमचे मामा बोली लावायला मात्र हमखास हजर असतात.