लोड टेस्ट, स्ट्रेस टेस्ट ह्यांना मराठीत काय लिहायचं?

टिळकवाडीकर
मंडळी, दोन-तीन शब्द हवेत. एका सोसायटीच्या सभासदांसाठी वेबसाईट करूलालोय, डिव्हिडंड जाहीर झाला की सगळे एकदम लॉगिन मारणार, तेव्हा सर्व्हरला किती झेपतंय ते आधी तपासायचंय आणि त्याचा प्लॅन संचालक मंडळाला मराठीत द्यायचाय. "लोड टेस्ट" लिहिलं की त्यांना लोड-तक्के आठवणार नाहीतर उसाचा ट्रक. भाषांतराच्या ॲपनं भारचाचणी दिलंय आणि स्ट्रेस टेस्टला ताणचाचणी. चालतंय काय? आणि बॉटलनेकला काय, बाटलीची मान लिहायला लाज वाटते.

उद्यमबागवाला
भारचाचणी लिही, ताणचाचणी नको. आमच्या फौंड्रीत कास्टिंगचा नमुना मशीनमध्ये दोन्हीकडनं धरून तुटेपर्यंत ओढतात, तो ताण, टेन्साईल टेस्ट. शास्त्राच्या पुस्तकात स्ट्रेसला प्रतिबल आहे, खरं ते लिहिलास तर मंडळ चहा पिऊन उठून जाईल.

खानापूरची
मी हेच काम करते म्हणून जरा लांब लिहिते, कंटाळा आला तर पुढं जा. लोड टेस्टमध्ये जेवढी गर्दी येईल असं धरलंय तेवढी मुद्दाम आणायची, जेमीटरसारखं टूल लावून खोटे युजर सोडायचे. स्ट्रेस टेस्टमध्ये गर्दी वाढवतच न्यायची, कुठं मोडतंय ते बघायला, आणि गर्दी ओसरल्यावर आपोआप उठतंय का कुणी हात लावावा लागतोय तेपण बघायचं. म्हणून मी पहिलीला "गर्दीची चाचणी" आणि दुसरीला "मोडेपर्यंतची चाचणी" लिहिते. लांब आहे, असू दे, वाचणाऱ्याला विचारायला लागत नाही.

खरी भानगड "भार" ह्या शब्दातच आहे. "५००० चा भार" लिहिलंत तर ५००० काय? लॉगिन करून बसलेली माणसं, का सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट, म्हणजे ब्राउझरनं सर्व्हरकडं केलेल्या मागण्या? माणूस पान उघडतो, वाचतो, दहाएक सेकंदांनी पुढचं बटण दाबतो, म्हणजे एका क्लिकला एक रिक्वेस्ट धरली तर ५००० माणसांच्या सेकंदाला साधारण ५०० च होतात. आता एक रिक्वेस्ट ०.२ सेकंदात उरकत असेल तर कधीही बघा, सर्व्हरच्या आत १०० च असतात, ५०० गुणिले ०.२. डेटाबेस हळू पडला नि तीच रिक्वेस्ट २ सेकंद खायला लागली, येणं तेवढंच राहिलं, की आत १०००. माणसं तेवढीच खरं आतली गर्दी दहापट! ह्याला लिटलचा नियम म्हणतात, जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये सिद्ध केलेला. आणि पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसमध्ये सेटिंग बदललं नसेल तर कनेक्शनची मर्यादाच १०० असते, तिथंच सगळं तुंबतं.

तेव्हा "एकाच वेळी ५०००" असं मोघम लिहू नका. "हजर सभासद", "सेकंदाला येणाऱ्या रिक्वेस्ट" आणि "आत अडकलेल्या रिक्वेस्ट", तिन्ही वेगळे लिहा. रिक्वेस्टला "विनंती" तर नकोच, सोसायटीत विनंती म्हणजे कर्जाचा अर्ज.

निपाणीकर
ताई, "लोड घेऊ नको" मधला लोड हाच काय?

खानापूरची
हाच की. सर्व्हरला सांगून उपयोग नाही एवढंच.

निपाणीकर
आमच्याकडं ह्या सगळ्याला एकच शब्द, "सर्व्हर डाऊन". रेशनला जावा, बँकेत जावा.

खानापूरची
तिथंच तर गोंधळ आहे अण्णा. चक्र फिरत बसलंय खरं पान येतंय शेवटी, ती साईट "रखडली". ५०३, म्हणजे "सध्या सेवा नाही" हा एरर, दाखवून दारातनंच परत लावते ती "घेत नाही". काहीच उत्तर नाही ती "बसली". रिपोर्टमध्ये तिन्हीचे आकडे वेगळे येतात, दुरुस्ती पण वेगळी. आणि सरासरी वेळ दाखवून मंडळाला खूश करू नका, सरासरी अर्धा सेकंद असून शंभरातल्या एकाला वीस सेकंद लागत असू शकतात आणि फोन करून शिव्या देणारा तोच असतो. "शंभरातल्या ९९ जणांना इतक्या सेकंदांच्या आत" असं लिहा.

उद्यमबागवाला
बॉटलनेकला "गेट" म्हण. टिळकवाडीतलं रेल्वे गेट पडलं की अलीकडं रस्ता केवढा का रुंद करेनास, गाड्या तिथंच.

खानापूरची
बेस आहे! वेब सर्व्हर दोनाचे आठ केले आणि डेटाबेस एकच ठेवला तर हेच होतं, उलट आठहीजण कनेक्शन मागत सुटतात. तरी प्लॅनमध्ये "कुठं अडतंय" असा सरळ कॉलम करा.

टिळकवाडीकर
सोक टेस्ट पण आहे प्लॅनमध्ये. भिजवायची चाचणी?

निपाणीकर
भिजत घोंगडं!

उद्यमबागवाला
ते आपल्या बेळगावच्या सीमाप्रश्नाला बुक आहे, २००४ पासून सुप्रीम कोर्टात.

खानापूरची
:) "रात्रभराची चाचणी" लिहा. बेताची गर्दी तासन्‌तास चालू ठेवायची, मेमरी हळूहळू खात जातंय का, लॉगनं, म्हणजे सर्व्हरच्या नोंदींनी, डिस्क भरूलालीय का, हे दहा मिनिटांत दिसत नाही.

टिळकवाडीकर
दोन संचालक कन्नडवाले आहेत, त्यांना कन्नडमधनं द्यायचंय. तिकडं भार तोच चालेल, स्ट्रेसला ओत्तड म्हणतात, म्हणजे दाब. मग मराठीत पण दाबचाचणी?

उद्यमबागवाला
नको रे, ती पाईपात पाणी भरून करतात.

टिळकवाडीकर
बरं, मोडेपर्यंतचीच ठेवतो. आणि डिव्हिडंडच्या दिवशी एकदम झुंबड येते, स्पाईक, तिला?

खानापूरची
"उसळी". आणि ऑटोस्केलिंग, म्हणजे गर्दी वाढली की आपोआप मशीनं वाढवणं, आहे म्हणून निवांत राहू नका, नवीन मशीन उभं राहून कामाला लागायला काही मिनिटं जातात, तोवर उसळीनं सगळं बसवलेलं असतं. दिवस माहीत आहे ना, मग सकाळीच जास्तीची मशीनं चालू करून ठेवायची. प्लॅनमध्ये त्यांना "आगाऊ मशीनं" लिहा आणि खर्चाचा आकडा शेजारीच द्या, मंडळ पहिलं तेच बघणार.