कम्युनिटी कॉलेजमधून ट्रान्स्फर: अर्ली चाइल्डहूडची डिग्री करायचीय, कुठून सुरुवात करू?

सांगलीची_लेक

नमस्कार सगळ्यांना. मी कॅलिफोर्नियात सनीवेलला असते, ग्रीनकार्ड आहे, मुलगी तिसरीत. लग्न ठरलं तेव्हा शिवाजी युनिव्हर्सिटीतून बीकॉमचं दुसरं वर्ष झालेलं, तिसरं राहिलं ते राहिलंच. इथे मुलीच्या प्रीस्कूलमध्ये मदतीला जायला लागले आणि तिथेच जीव रमला, मग जवळच्या कम्युनिटी कॉलेजात चाइल्ड डेव्हलपमेंटचे क्लासेस सुरू केले, असोसिएट टीचर परमिट (प्रीस्कूलमध्ये शिकवायचा सरकारी परवाना) मिळालं आणि आता एका प्रीस्कूलमध्ये अर्धा दिवस काम करते.

आता बॅचलर्स करायचं मनात आहे. सॅन होजे स्टेट किंवा हेवर्डचं ईस्ट बे, घरापासून हीच दोन जमण्यासारखी आहेत. पण ईसीईचा (अर्ली चाइल्डहूड एज्युकेशन) एएस-टी करू की चाइल्ड अँड अडोलसंट डेव्हलपमेंटचा एए-टी (दोन्ही कम्युनिटी कॉलेजच्या ट्रान्स्फरसाठीच्या डिग्र्या), की काहीच पूर्ण न करता नुसते युनिट्स (म्हणजे क्रेडिट्स) घेऊन ट्रान्स्फर करू हे कळत नाहीये. माझे काही क्लासेस क्वार्टरवाल्या (छोट्या टर्मच्या) कॉलेजातले आहेत आणि काही सेमिस्टरवाल्या, त्यामुळे एकूण किती झाले त्याचाच हिशोब लागत नाही. बीकॉमची दोन वर्षं कुठे धरतील का? आणि स्पीचचा क्लास कंपल्सरी आहे म्हणतात, त्याचं खरंच टेन्शन आलंय. सासूबाई म्हणतात नोकरी आहे ना, आता कशाला डोक्याला ताप. कोणी हे केलं असेल तर प्लीज सांगा.

हेवर्डकर_ताई

अगं कर, नक्की कर. मी कम्युनिटी कॉलेजमधूनच ईस्ट बेला गेले, आता डिग्री झालीये, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी हिशोब. क्वार्टर युनिट्सना दीडने भागायचं म्हणजे सेमिस्टर युनिट्स येतात, ९० क्वार्टर म्हणजे ६० सेमिस्टर. ट्रान्स्फरला ६० लागतात आणि सीएसयू (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, तुझ्या दोन्ही युनिव्हर्सिटी त्यातल्याच) कम्युनिटी कॉलेजमधले जास्तीत जास्त ७० धरतं. त्याच्या वर कितीही केलेस तरी डिग्रीच्या बेरजेत येत नाहीत, तेव्हा आवडतंय म्हणून क्लास घेत राहू नकोस, आपल्या फील्डमध्ये हे फार होतं कारण प्रत्येक क्लास घ्यावासा वाटतो.

अर्धवट सोडून तर अजिबात जाऊ नकोस. एएस-टी किंवा एए-टी पूर्ण असेल आणि अटी बसत असतील तर सीएसयूच्या कुठल्या ना कुठल्या कॅम्पसला ज्युनिअर म्हणून (थेट तिसऱ्या वर्षाला) जागा मिळण्याची हमी असते आणि तिथे गेल्यावर जुळणाऱ्या मेजरमध्ये (मुख्य विषयात) ६० युनिट्समध्ये डिग्री संपवता येते. नीट वाच, कुठल्या ना कुठल्या कॅम्पसला. हव्या त्याच कॅम्पसची हमी नाही, आणि सॅन होजेला सगळेच मेजर इम्पॅक्टेड आहेत, म्हणजे जागा कमी नि अर्ज जास्त. दोन्हीकडे अर्ज कर.

एएस-टी की एए-टी हे मात्र आपल्या आवडीवर ठरवू नकोस. ज्या कॅम्पसला जायचंय तिथलं मेजर कुठल्या डिग्रीला जुळणारं धरतात ते सीएसयूच्या साइटवर बघ, दर कॅम्पसचं वेगळं असतं. मग असिस्ट डॉट ऑर्गवर तुझं कॉलेज आणि ती युनिव्हर्सिटी टाक, कुठला कोर्स कशाच्या बदल्यात चालतो ते ओळीने दिसतं. त्याची प्रिंट काढून काउन्सिलरसमोर ठेव. तू दोन कॉलेजांत शिकलीयेस म्हणून हे जास्तच महत्त्वाचं, काउन्सिलरला समोर फक्त त्यांच्याच कॉलेजचं दिसत असतं.

बीकॉमचं सांगायचं तर जनरल एज्युकेशनच्या (जीई, सगळ्यांना लागणारे सामान्य विषय) कॅल-गेट्क नावाच्या पॅटर्नमध्ये परदेशातले कोर्स धरत नाहीत, त्याच्यावर अवलंबून राहू नकोस. पण अर्जात दाखवावंच लागतं, शिकलेलं प्रत्येक कॉलेज लिहायचं असतं, लपवायचं नाही. तेव्हा कोल्हापूरहून मार्कशीट्स आत्ताच मागवायला लाग, भाऊ वगैरे कोणी जाऊन आणू शकत असेल तर बरं. आणि २०२५च्या फॉलच्या आधीपासून तू सलग एनरोल असशील तर जुना जीई पॅटर्न चालू शकतो, ते विचारून घे.

चिमणी_टीके

ताईंनी सगळं बरोबर सांगितलंय, मी फक्त पुढचं सांगते कारण मी पब्लिक स्कूलमध्ये टीकेला (ट्रान्झिशनल किंडरगार्टन, केजीच्या आधीचं वर्ष) शिकवते. तुला कुठे शिकवायचंय ते आधी ठरव. प्रायव्हेट प्रीस्कूलमध्ये १२ युनिट्सवर टीचर होता येतं, पण टीकेला क्रेडेन्शियल (पब्लिक स्कूलच्या शिक्षकाचं लायसन्स) लागतं आणि त्यासाठी बॅचलर्स हवंच. २०२५-२६पासून कॅलिफोर्नियात १ सप्टेंबरपर्यंत चार वर्षं पूर्ण होणाऱ्या प्रत्येक मुलाला टीकेत जागा आहे, आणि १० मुलांमागे एक मोठं माणूस हवं असा नियम, त्यामुळे शिक्षक लागतायत. पीके-३ नावाचं नवीन क्रेडेन्शियल आलंय, प्रीस्कूलपासून तिसरीपर्यंतचं, त्याला डिग्रीसोबत ईसीईचे २४ युनिट्स धरतात. ईसीईच्या एएस-टीचे आठ कोअर कोर्सेस, चाइल्ड ग्रोथपासून प्रॅक्टिकमपर्यंत (प्रत्यक्ष वर्गातला सराव), तीन-तीनचे मिळून बरोब्बर २४ होतात. म्हणजे आत्ता जे करतेयस ते पुढेही कामाला येणारच.

स्पीचचं टेन्शन नको घेऊस गं. इंग्लिश कॉम्पोझिशन, स्पीच, क्रिटिकल थिंकिंग आणि मॅथ, या चारांत सी मायनस तरी लागतोच, त्यामुळे टाळता येत नाही, मग लवकर घेऊन टाक. मी स्पीचला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्यावर बोलले होते. १९४५ला बोर्डीला त्यांच्या बालशिक्षणाच्या कामाची सुरुवात, मग कोसबाडला, मुलं शाळेत येत नाहीत तर शाळाच पाड्यावरच्या अंगणात न्यायची, गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा. वर्गात मॉन्टेसरी आणि फ्रोबेल सगळ्यांना माहीत होते, ताराबाई कोणालाच नव्हत्या. प्रोफेसर क्लास संपल्यावर थांबून विचारत बसल्या. जे आपल्याला मनापासून माहीत आहे त्याच्यावर बोललं की उच्चाराकडे कोणी बघत नाही.

पुणेकर_मिलपिटास

थोडं वेगळं मत मांडतो. माझी बायको परमिटवरच काम करते, डिग्री केली नाही आणि समाधानी आहे. नोकरी, घर, मुलगी आणि त्यात अजून दोन-चार वर्षं अभ्यास, सगळ्यांनाच झेपतं असं नाही. सासूबाईंचं अगदीच चूक आहे असं मला वाटत नाही.

हेवर्डकर_ताई

दादा, प्रत्येकाचं घर वेगळं, मान्य. पण एक लक्षात घ्या, असोसिएट टीचर परमिट ५ वर्षांचं असतं आणि एकदाच रिन्यू होतं, तेही मधल्या काळात १५ युनिट्स केले तरच. म्हणजे तिथेच थांबायची सोय त्या परमिटमध्ये नाहीच. अभ्यास करावाच लागणार असेल तर तो डिग्रीच्या दिशेने का नको?

आणि कामात खरंच फरक पडतो हो. मी आधी पालकांना सांगायचे, आज खूप हट्ट केला. ऑब्झर्वेशनच्या क्लासमध्ये प्रोफेसरनी "हट्टी" हा शब्द लाल पेनने खोडला आणि म्हणाल्या, डोळ्यांना काय दिसलं तेवढंच लिही. मग मी लिहिलं: त्याने निळा ब्लॉक दोनदा ढकलला, दाराकडे बघितलं, कान झाकले. शेजारच्या खोलीत व्हॅक्युम चालू होता! पोराला आवाज सोसत नव्हता, हट्ट कसला. असं बघायला मला त्या क्लासेसनी शिकवलं, आणि त्या मुलाच्या आईला त्या दिवशी मी वेगळं काहीतरी सांगू शकले.

सांगलीची_लेक

वाचून डोळ्यांत पाणी आलं ताई. सासूबाईंनाही वाचून दाखवते. आता असं ठरवतेय की आधी असिस्टवर दोन्ही युनिव्हर्सिटी बघायच्या, मग काउन्सिलर, आणि या समरला स्पीच ऑनलाइन. अर्ज कधी करायचा असतो? आणि काम सोडावं लागेल का?

चिमणी_टीके

फॉलसाठी कॅल स्टेट अप्लाय (सीएसयूचा ऑनलाइन अर्ज) १ ऑक्टोबरला उघडतं, साधारण नोव्हेंबर संपेपर्यंत करून टाक, शेवटच्या दिवसावर ठेवू नकोस. ६० युनिट्स त्या फॉलच्या आधीच्या स्प्रिंगपर्यंत पूर्ण दिसायला हवेत. काम सोडू नकोस, परमिटच्या पुढच्या लेव्हलला कामाचे दिवस मोजतात, टीचर परमिटला १७५ दिवस लागतात, रोज किमान तीन तास, चार वर्षांच्या आत. तुझा अर्धा दिवस त्यात बसतो. प्रीस्कूलच्या ऑफिसातून तारखांसकट लेटर घेत राहा, डायरेक्टर बदलली की मग जुने रेकॉर्ड शोधताना नाकी नऊ येतात.

आणि प्रॅक्टिकमला टीबी टेस्ट, गोवर आणि डांग्या खोकल्याच्या लसीचे पुरावे मागतात. तुझ्या प्रीस्कूलच्या फाइलमध्ये असणारच, कॉपी काढून घरी ठेव.